कोंदट आवाजाची दुरुस्ती : रेडिओच्या बाकापासून लजपतराय मार्केटपर्यंत

राष्ट्रीय ग्राहक दिनाचे निमित्त साधून २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नवी दिल्लीत 'दुरुस्तीचा हक्क' या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरातील टिकाऊ उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. गिटारचा ॲम्प्लिफायर या चारांपैकी नेमका कशात मोडतो हे सांगणे अवघड आहे. बहुधा कशातच नाही. तरीही दुरुस्ती या व्यवहाराला विज्ञानाच्या इतिहासात काही स्थान आहे काय, असे कोणी विचारले, तर उत्तर शोधण्यासाठी याहून सोयीची वस्तू सापडणे कठीण. हे उपकरण रेडिओ दुरुस्तीच्या बाकावर जन्माला आले आणि त्याची सर्वांत जुनी तक्रारही त्याच बाकावरून त्याच्याबरोबर आली. आवाज कोंदट येतो, तारांचा टणत्कार कोठेच लागत नाही, नुसता खर्ज घुमतो, ही ती तक्रार.

दिल्लीत ती घेऊन माणूस जातो तो चांदणी चौकाच्या टोकाला, लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या व्यापाऱ्यांनी हा बाजार जोपासला. मराठी वाचकाला मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर डोळ्यांसमोर आणला की चित्र पुरे होईल: अरुंद बोळ, सुट्या भागांचे डबे आणि कथलाच्या डाखेचा वास. येथे गिटारसाठी म्हणून वेगळे शास्त्र कधी नव्हते. जो रेडिओ उघडत असे, तोच सभेचा ध्वनिवर्धक उघडी आणि तोच गिटारचा ॲम्प्लिफायरही. या व्यवसायातील जुन्या भारतीय नावांकडेच पाहावे. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरविणारी, पुढे नाशिक रोडला कारखाना असलेली मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' आणि १९४०मध्ये सुरू झालेली दिल्लीची 'अहुजा रेडिओज' या दोघांनीही सभा-समारंभांच्या ध्वनिवर्धकांवर नाव कमावले. पण पाटीवर 'रेडिओ' हा शब्द राहिला तो राहिलाच.

अमेरिकेतही याहून वेगळे घडले नव्हते. लिओ फेंडर याने १९३८मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. तो स्वतः गिटार वाजवीत नसे. गावातील वादक नादुरुस्त ॲम्प्लिफायर घेऊन येत आणि हा त्यांच्या पोटात काय आहे ते पाही. पोटात असे तो बहुतेक रेडिओचाच मागचा अर्धा भाग: एक-दोन लहान व्हॉल्व्ह, एक शक्तिशाली व्हॉल्व्ह, एक ट्रान्सफॉर्मर आणि कागदी पडद्याचा स्पीकर. व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तकांत नमुन्याची मंडले छापीत, आणि ती सर्वांना खुली असत. गिटार ॲम्प्लिफायरच्या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर तो या पुस्तकांत सापडतो.

रेडिओकडून मिळालेल्या वारशात एक खोट होती, किंवा त्या काळच्या दृष्टीने एक सोय होती. मध्यमलहरींच्या प्रसारणात शेजारच्या दोन केंद्रांमधील अंतर जेमतेम ९-१० किलोहर्ट्झ असते. त्यामुळे ऐकू येणारा आवाज साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर जाऊन फारसा उपयोग नसतो. त्याच्या वर असतो तो बहुतांशी खरखराट. म्हणून जुन्या रेडिओवरील 'टोन'चे बटण एकच काम करी: वरचे स्वर कापणे. पावसाळ्याच्या रात्री विजा कडाडू लागल्या की घरातील वडीलधारे ते बटण फिरवीत. विविध भारतीवरील गाणे गोधडीत गुंडाळल्यासारखे मऊ होई आणि खरखर कमी होई. दोन-तीन पिढ्यांच्या कानांनी या कोंदटपणालाच 'गोड आवाज' म्हटले. गिटारच्या १२ इंची स्पीकरचा आवाजही ५ हजार हर्ट्झच्या आसपास उतरू लागतो. त्या मर्यादेच्या आत आणखी काही हरपले, तर वादकाला ते ताबडतोब जाणवते; कारण गिटारच्या स्वराची स्पष्टता २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात राहते. सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता मूळ स्वर ८२ हर्ट्झचा आणि सर्वांत बारीक तारेचा ३३० हर्ट्झचा असतो. बाकीचे सारे उपस्वर. कोंदट ॲम्प्लिफायरमध्ये मूळ स्वर शाबूत असतात, उपस्वर वाटेत गळतात. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यापुढील प्रश्न एवढाच असतो की गळती कोणत्या जागी आहे.

या गळतीच्या एका जागेचा शोध गिटार ॲम्प्लिफायर अस्तित्वात येण्यापूर्वीच लागला होता. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या राष्ट्रीय मापनसंस्थेत जॉन मिल्टन मिलर याने तीन विद्युतअग्रांच्या व्हॉल्व्हचा अभ्यास केला आणि १९२०मध्ये तो प्रसिद्ध झाला. व्हॉल्व्हच्या आत ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये अगदी क्षुल्लक धारिता असते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ईसीसी८३ या व्हॉल्व्हमध्ये ती जेमतेम दीड पिकोफॅरड भरते. परंतु व्हॉल्व्ह जेव्हा संदेश ६० पटींनी वाढवतो, तेव्हा येणाऱ्या संदेशाला ही धारिताही सुमारे तितक्याच पटींनी मोठी भासते. दीडाचे जवळपास १०० पिकोफॅरड होतात. आता ॲम्प्लिफायरचे आवाजाचे बटण १० लाख ओहमचे आहे आणि ते विद्युतदृष्ट्या मध्यावर आहे असे धरू. संदेशाच्या वाटेत अडीच लाख ओहमचा रोध उभा राहतो. अडीच लाख ओहम आणि १०० पिकोफॅरड यांची गाठ पडली की सुमारे ६,४०० हर्ट्झच्या वरचे स्वर झपाट्याने उतरू लागतात. तारांमधील इतर भटकी धारिता धरली तर ही सीमा ५ हजारांखाली येते. बटण पूर्ण उघडले की हाच रोध जवळजवळ नाहीसा होतो. 'जोरात वाजविला की आवाज उघडतो, हळू ठेवला की बसतो', हे वादकांचे निरीक्षण भ्रम नव्हे. त्यावरील पारंपरिक इलाज म्हणजे आवाजाच्या बटणाच्या दोन टोकांवरून टाकलेले १०० ते १२० पिकोफॅरडचे छोटे धारित्र, ज्यातून वरचे स्वर बटणाला वळसा घालून पुढे जातात. पदवीच्या पहिल्या वर्षाला आरसी मंडळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे गणित पाठ असते. मात्र ते त्याच्या खोलीतील गिटारला लागू पडते हे त्याला क्वचितच कोणी सांगते.

कोंदटपणाचा दुसरा वारसा रेडिओचा नसून एका नावाचा आहे. फेंडरने १९५१मध्ये विजेवर वाजणारी बास गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी 'बासमन' हा ॲम्प्लिफायर काढला. नावाप्रमाणे त्याचे काम खर्ज वाहून नेण्याचे. पुढे त्यात एका मोठ्या स्पीकरऐवजी १० इंचांचे चार आले, खर्ज, मध्य आणि टीप यांची तीन स्वतंत्र बटणे आली, आणि १९५८ ते १९६०च्या सुमारास निघालेला त्याचा अवतार साध्या गिटारवाल्यांनीच उचलला. १९६२मध्ये लंडनच्या पश्चिम भागात ढोलवादक जिम मार्शल याच्या दुकानातील केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी हाच नमुना समोर ठेवून 'जेटीएम ४५' घडविला. अमेरिकन भाग महाग आणि दुर्मीळ, म्हणून ब्रिटनमध्ये मिळतील ते व्हॉल्व्ह, मिळतील ते ट्रान्सफॉर्मर वापरले गेले. पहिल्या जागी मूळ व्हॉल्व्हऐवजी अधिक वाढ देणारा ईसीसी८३ बसला. उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बंद पेटी आली. लजपतराय मार्केटमधील कारागीर जे करीत आला आहे ते याहून निराळे नाही: पुस्तकात एक लिहिलेले असते, डब्यात दुसरे सापडते, आणि त्या दोहोंच्या मधून एक नवा आवाज निघतो. मार्शलच्या दुकानात घडले तेव्हा त्याला इतिहास म्हणतात आणि चांदणी चौकात घडले तेव्हा जुगाड, हा मात्र न्याय नव्हे.

खर्जासाठी आखलेल्या मंडलातून गिटारचा नितळ आवाज काढणे हे मार्शलच्या मंडळींचे पुढील काही वर्षांचे काम झाले. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी जे बदल केले ते आजही दुरुस्तीचे पहिले धडे आहेत. टीप-खर्जाच्या जाळ्यातील ५६ किलोओहमचा रोध ३३ किलोओहमवर आला, त्यामुळे मधले स्वर वर आले. टिपेचे २५० पिकोफॅरडचे धारित्र ५०० च्या आसपास गेले, त्यामुळे टिपेच्या बटणाची हुकमत अधिक खालपर्यंत पोहोचली. सर्वांत महत्त्वाचा बदल पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर झाला. तेथे पूर्वी ८२० ओहमच्या रोधाला जोडून मोठे धारित्र असे आणि ते खर्जासह सगळेच स्वर सारखे वाढवी. त्याऐवजी २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरड अशी जोडी आली. साध्या सूत्राने हिची सीमा ८७ हर्ट्झ निघते. व्हॉल्व्हचा स्वतःचा रोध धरला तर ती आणखी वर सरकते. म्हणजे जाड तारेच्या मूळ स्वरालाच लगाम बसला. हा लगाम पहिल्याच पायरीवर का, हे समजून घेण्यासारखे आहे. ॲम्प्लिफायर जोरात चालवला की पुढच्या पायऱ्यांवर संदेशाची टोके छाटली जातात. तेथपर्यंत भरपूर खर्ज पोहोचला तर तोच सगळी जागा व्यापतो आणि बाकीचे स्वर त्याच्याबरोबर चेंगरतात; छाटणीनंतर खर्ज कमी करून गेलेले परत येत नाही. कोंदट आवाजावर नुसते टिपेचे बटण वाढवीत नेणाऱ्याची फसगत होते ती येथे.

जुन्या यंत्रांत तर भाग स्वतःच आपले मूल्य बदलतात. कार्बनच्या गोळीसारख्या जुन्या रोधांचे मूल्य उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षे चढत जाते. ५६ चा रोध ८० किंवा ९० किलोओहम दाखवू लागला की मधले स्वर दबतात, खर्ज तेवढा उरतो. आणि मालक म्हणतो, यंत्र जुने झाले. मल्टिमीटरचे एक मोजमाप आणि काही रुपयांचा रोध एवढ्यात ते तरुण होते. अर्थात हे मोजमाप ज्याला माहीत आहे त्यानेच करावे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही मोठी धारित्रे तो धरून ठेवतात.

दिल्लीच्या वादकांची खरी अडचण मात्र बहुतेक वेळा बासमन किंवा मार्शलची नव्हतीच. ती यंत्रे येथे होती किती? आयातपरवान्यांच्या काळात विलायती ॲम्प्लिफायर ही श्रीमंत नातेवाइकाची वस्तू. बाकीच्यांनी गिटार जोडली ती सभांच्या ध्वनिवर्धकाला. येथे भारतीय इलेक्ट्रॉनिकीच्या इतिहासातील एक वळण या कहाणीत शिरते. १९५४मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह आणि १९६२पासून जर्मेनियमची अर्धवाहक साधने बनविण्यास सुरुवात केली. देशाच्या दृष्टीने ती मोठी झेप होती, आणि पुढच्या काही वर्षांत सभेच्या ध्वनिवर्धकांतूनही व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले. वजन घटले, वीज वाचली, यंत्र बॅटरीवर चालू लागले. गिटारचे मात्र नुकसान झाले, आणि त्याचे कारण कोणाच्या लक्षातही आले नसेल.

गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचे प्रवर्तकत्व ३ हेन्रीच्या आसपास असते, आणि स्वर जितका उंच तितका ते अधिक विरोध करते. व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडणी करताना समोरचा रोध सहज १० लाख ओहमचा ठेवता येतो, त्यापुढे हा विरोध नगण्य ठरतो. त्या काळच्या स्फटिकी मायक्रोफोनलाही असाच मोठा रोध लागे, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सभा-ध्वनिवर्धकात गिटार बरी वाजे. ट्रान्झिस्टरचे प्रवेशद्वार अरुंद. त्याच्याबरोबर आलेल्या गतिमान मायक्रोफोनला काही हजार ओहमचा रोध पुरतो, म्हणून यंत्रही तसेच आखले गेले. अशा १० किलोओहमच्या प्रवेशाला ३ हेन्रीचा पिकअप जोडला आणि त्याच्या तारेचा स्वतःचा ७ किलोओहमचा रोध धरला, तर सुमारे ९०० हर्ट्झपासूनच स्वर उतरणीला लागतात. स्पष्टतेचा २ ते ४ हजारांचा सगळा पट्टा वाटेतच विरतो. मागे उरते ती कोंदट घुमघुम. यंत्रात काहीही बिघडलेले नसते, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला काही सापडतही नाही. सभेतले भाषण त्यावर खणखणीत ऐकू येते. इलाज एका ट्रान्झिस्टरचा आहे. पिकअप आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये एक बफर बसवावा, ज्याचे तोंड १० लाख ओहमचे आणि शेपूट काही शे ओहमचे. एफईटी वापरला तर तो काडेपेटीत मावतो. एवढ्याशा तुकड्याअभावी कितीजणांनी आपल्या गिटारलाच दोष दिला असेल कोण जाणे.

वायरचाही यात हात असतो. साधारण गिटार वायरची धारिता मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या घरात असते. ३ मीटर वायरबरोबर तोच पिकअप ५,३०० हर्ट्झच्या सुमारास अनुनाद दाखवतो आणि ६ मीटरबरोबर ३,७०० च्या. अनुनादाच्या पलीकडचे स्वर गळतात. रंगमंचावर मोकळेपणाने फिरता यावे म्हणून घेतलेली लांब वायर वरच्या स्वरांतून आपले भाडे वसूल करते.

एवढे सारे तपासूनही तक्रार उरली, तर शोध यंत्राबाहेर न्यावा लागतो. आणि तेथे पहिला साक्षीदार कान आहे. घरी मंद आवाजात बटणे मनासारखी लावावीत, कार्यक्रमात तोच ॲम्प्लिफायर मोठा करावा, आणि आवाज एकाएकी खर्जाने बुजबुजून जावा, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक वादकाच्या वाट्याला येतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३मध्ये बेल प्रयोगशाळेतून याचे स्पष्टीकरण दिले. मंद आवाजात मानवी कान खर्जाला बहिरा असतो. आवाज वाढला की हा बहिरेपणा ओसरतो. पुढे १९५६मध्ये ब्रिटनच्या टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी ही मोजणी नव्याने केली. तिच्यावर आंतरराष्ट्रीय मानक बेतले गेले आणि २००३मध्ये ते पुन्हा सुधारले गेले. या मानकाचे आकडे सांगतात की १ हजार हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवरून ८० वर नेला, तर १०० हर्ट्झचा स्वर कानाला तितकाच मोठा वाटण्यासाठी जेमतेम २८ डेसिबल वाढ पुरते. ॲम्प्लिफायर मात्र दोघांनाही ४० डेसिबल वाढवतो. वरचे १२ डेसिबल खर्जाला फुकट मिळतात. तेव्हा बटणे लावायची ती कार्यक्रमाच्या आवाजातच. हा इलाज बिनखर्चाचा आहे, आणि दुकानात कोणी सांगत नाही, कारण त्याचे बिल करता येत नाही.

टेडिंग्टनच्या संस्थेचीच नामधारी बहीण दिल्लीत पुसा परिसरात आहे. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन तिचे पहिले संचालक झाले. देशाचे किलोग्रॅम, सेकंद आणि मीटर सांभाळणारी ही प्रयोगशाळा ध्वनिदाबाचे प्रमाणही सांभाळते. प्रमाणभूत मायक्रोफोनचे अंशांकन तेथे होते. मिलर एका मापनसंस्थेतला, रॉबिन्सन आणि डॅडसन दुसऱ्या. गिटारच्या आवाजासंबंधीचे निम्मे ज्ञान अशा ठिकाणी जमा झाले, जेथे गिटार वाजविणे हे कोणाचेच काम नव्हते. पुसापासून लजपतराय मार्केट मेट्रोने फार दूर नाही. तरी या दोन ठिकाणांचे एकमेकांशी जाणे-येणे असल्याचे दिसत नाही, आणि यात तोटा दोघांचाही आहे.

दुसरा साक्षीदार खोली. १९९०च्या दशकात दिल्लीत 'इंडियन ओशन' आणि 'परिक्रमा' यांसारखे वाद्यवृंद उभे राहिले. त्यांच्यामागून महाविद्यालयांतील मुलांनीही गिटारी उचलल्या. सराव व्हायचा तो घरातल्या खोलीत, गच्चीवरच्या बरसातीत किंवा तळघरात: सिमेंटच्या भिंती, मोझेकची फरशी, कोपऱ्यात ठेवलेला ॲम्प्लिफायर. कोपरा हा खर्जासाठी नैसर्गिक कर्णाच असतो. फरशी आणि दोन भिंती मिळून खालचे स्वर खोलीत परत ढकलतात. शिवाय १४ फूट लांबीच्या खोलीत ८० हर्ट्झच्या आसपास एक स्थिर तरंग उभा राहतो, म्हणजे नेमका जाड तारेच्या स्वराशेजारी. दिल्लीच्या हवामानामुळे त्यात एक गंमतही आहे. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे जानेवारीतील ५ अंशांच्या पहाटे हा तरंग ७८ हर्ट्झवर असेल, तर मे महिन्याच्या ४५ अंशांत ८४ वर. जाड तारेचे ८२ हर्ट्झ या दोन ऋतूंच्या मधोमध कोठेतरी गाठले जातात.

त्यात भर म्हणजे स्पीकरची दिशा. १२ इंचांच्या स्पीकरमधून सुमारे दीड हजार हर्ट्झच्या वरचे स्वर झोताप्रमाणे समोर जातात, खर्ज मात्र चहूकडे पसरतो. जमिनीवर ठेवलेल्या ॲम्प्लिफायरसमोर उभ्या असलेल्या वादकाच्या पोटऱ्यांना नितळ आवाज मिळतो आणि कानांना उरलेला. तो टिपेचे बटण वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्याचे कान किटतात. पेटी एका विटेवर तिरपी टेकवली की दोघांचेही भागते. उलट टोकाचे उदाहरण उघड्या जागेचे. इंडियन ओशनचे 'डेझर्ट रेन' हे ध्वनिमुद्रण १ जानेवारी १९९७ रोजी मंडी हाउसपाशी, सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ 'सहमत'ने भरविलेल्या कार्यक्रमात प्रत्यक्ष वाजताना झाले. उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे खर्जाला परत ढकलणारे कोणी नसते. तळघरात कोंदट वाटणारे यंत्र तेथे पातळ वाटू शकते. सरावाच्या खोलीवर चिडून ज्याने ॲम्प्लिफायरमधील धारित्रे बदलून घेतली, त्याला उघड्या मंचावर पश्चात्ताप होतो.

ही सर्व तपासणी, आधी कान आणि खोली, मग वायर आणि प्रवेशद्वार, मग बटणे, आणि शेवटी डाखेची इस्त्री, या क्रमाने करणारा माणूस आता विरळ होत चालला आहे. आयटीआयमध्ये एके काळी 'रेडिओ व टीव्ही मेकॅनिक' असा स्वतंत्र अभ्यासक्रम असे. त्यातून बाहेर पडलेल्यांची पिढी निवृत्त होत आहे. २०२२ या एकाच वर्षात जानेवारीत लजपतराय मार्केटला आणि नोव्हेंबरमध्ये शेजारच्या भगीरथ पॅलेसला आग लागली आणि अनेक दुकाने खाक झाली. आगीत जळालेला माल पुन्हा भरता येतो. चाळीस वर्षे जमविलेले डबे, कोणत्या डब्यात काय आहे या ज्ञानासकट, भरता येत नाहीत. त्याच वर्षी नवे ई-कचरा नियम जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. ज्या यंत्राला काही रुपयांचा रोध हवा होता, तेही पुष्कळदा यमुनेपलीकडे सीलमपूरला जाते. तेथे त्याचा ट्रान्सफॉर्मर तांब्यासाठी फोडला जातो. तो ट्रान्सफॉर्मरच सगळ्या यंत्रात सर्वांत महाग आणि सर्वांत टिकाऊ भाग असतो.

अलीकडे मात्र काही तरुण उलट्या दिशेने निघाले आहेत. आजोबांचा बंद पडलेला व्हॉल्व्ह रेडिओ घेऊन ते दुकानात येतात आणि त्याचा गिटार ॲम्प्लिफायर करून मागतात, म्हणजे फेंडरच्या बाकावर जे घडले तेच पुन्हा. जाणता कारागीर प्रथम मागची पाटी काढून व्हॉल्व्हची नावे वाचतो. ती 'यू' या अक्षराने सुरू होत असतील तर तो रेडिओ मिटवून परत देतो. अशा एसी-डीसी रेडिओत लोखंडी सांगाडा घरातील विजेच्या तारेलाच थेट जोडलेला असतो. तेथे गिटार जोडली तर पोलादी तारांमधून वीज वादकाच्या बोटांत येईल. नावे 'ई'ने सुरू होत असतील आणि आत मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर दिसत असेल, तर काम पुढे सरकते. मग तो पहिल्यांदा शोधतो ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लागून असलेले ०.००५ मायक्रोफॅरडच्या आसपासचे एक मेणकट धारित्र. रेडिओची खरखर आणि व्हॉल्व्हचा कर्कशपणा दाबण्यासाठी ते तेथे टाकलेले असते. त्याचे एक टोक सोडवले जाते, गिटार जोडली जाते आणि जाड तार छेडून पाहिली जाते.